मशिनीची ओटी

आमच्या राणीच्या मनगटात पावणेतीनच्या बांगड्याही जात नसत. मी कासाराकडे तीनच्या मागायची, त्याही हिरव्या आणि त्याही दोन डझन, कारण निम्म्या खेळातल्या लढाईत फुटायच्या. पहिल्या वर्षी कासाराने आधी माझ्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं, मग उघड्या मनगटांकडे, आणि हातात घेतलेली माळ परत खुंटीला लावली.

"ह्यो कोणाक गो बाये?"

"राणीक."

"खंयच्या राणीक?"

"दिसाक नांगर धरता, ती राणी. दी आता. आणि भाव कमी कर. एवढ्या मापाच्यो तुज्यो बांगड्यो दुसरा कोण घेता ता बगतंय मी."

त्याने भाव कमी केला. विधवा बाई हिरव्या बांगड्यांसाठी भांडते आहे हे पाहायला तोवर बाजारातली चार माणसं थांबली होती, आणि त्यांच्यासमोर हा व्यवहार लवकर संपावा एवढंच त्याला हवं होतं. लोकांच्या संकोचावर बाजारात सूट मिळते, हे मी त्या दिवशी शिकले. पुढे मी कितीतरी वर्षं ती सूट घेतली.

राणी म्हणजे आमच्याकडच्या दशावतारी मंडळीत बाईचं सोंग घेणारा माणूस. कणकवलीकडच्या एका गावचा शेतकरी. घरी बायको, चार मुलं, दोन बैल. जत्रांचे दिवस आले की मिशी उतरवायचा आणि महिने दोन महिने गावोगाव राणी व्हायचा. त्याची राणी मी करायची. लुगडं मी नेसवायची, चोळी मी शिवायची, केसांचा अंबाडा मी बांधायची. हे काम मी मागून घेतलेलं नव्हतं. भांडून घेतलेलं होतं.

माझं लग्न झालं तेव्हा मी अठराची होते. नवरा मुंबईला गोदीत. चार वर्षांत तो एकूण पाच महिने घरी होता, तेवढ्यात त्याच्याशी भांडायलाही सवड मिळाली नाही. तापाने गेला. पत्र देवबागहून येणाऱ्या माणसाच्या हातात फिरत फिरत माझ्याकडे आलं तेव्हा तो जाऊन दहावा होऊन गेलेला होता. सासूबाईंनी माझ्या सोन्याच्या पाटल्या काढून घेण्यासाठी हात पुढे केला. मी म्हटलं, उतरवते मीच. उतरवल्या, लुगड्यात बांधल्या आणि दुसऱ्या दिवशी मालवणात जाऊन विकल्या. आता घालायच्या नव्हत्याच, तर त्यांचं ठेवून करायचं काय? सासूबाई पुढची सहा वर्षं त्या पाटल्यांची आठवण काढून रडत. माझ्या नवऱ्यासाठी त्या दोन वर्षं रडल्या.

त्या पैशांतून हाताने फिरवायचं शिवणाचं मशीन घेतलं. एका ख्रिस्ती बाईंकडे होतं, त्या मुलाकडे मुंबईला निघाल्या होत्या. चाक फिरवलं की मशीन डुकराच्या पिल्लासारखं किंचाळायचं. त्या किंचाळण्याबद्दल मी बरीच किंमत तोडली. घरी आणून खोबरेल तेलाचे चार थेंब सोडले, आणि ते गप्प झालं. त्या बाई पुन्हा भेटल्या नाहीत हे बरं झालं.

दशावतारी मंडळीचे मालक माझ्याकडे पहिल्यांदा आले ते राजाचा फाटलेला अंगरखा घेऊन. शिवून दिला. त्या जत्रेत मी बायकांच्या बाजूला बसून खेळ पाहिला, आणि राणी रंगमंचावर येऊन बसली तेव्हा मला तिथे बसवेना. लुगडं कमरेला दोरखंडासारखं आवळलेलं, निऱ्या एका बाजूला आणि पोट दुसऱ्या बाजूला. सकाळी मालक पैसे द्यायला आले तर मी म्हटलं,

"ती राणी आसा काय भाताचो भारो?"

मालकांचा चेहरा उतरला. "मगे तूच नेसव तेका. बगूया."

"नेसवतलंय. पण फुकट नाय."

तेव्हापासून जत्रांच्या आधी आठ दिवस राणी माझ्या पडवीत शिकायला येऊ लागली. दुपारी, उजेडात, दार उघडं ठेवून आणि सासूबाईंना समोर बसवून. गावाची जीभ मला ठाऊक होती. मी त्याला बसायला शिकवलं. बाई खाली बसताना आधी पदर सावरते मग गुडघा वाकवते, आणि तो आधी धपकन बसून मग पदर शोधायचा. पाट उचलणं, घागर काखेत घेणं, मान न वळवता मागे कोण आहे ते पाहणं. तो गुणी होता. मी ओरडले की कान पकडायचा. चार दिवसांत असा काही बसायला लागला की सासूबाईंनी सुपारी कातरायची थांबवली आणि मला म्हणाल्या,

"बग गो, कसो बसता तो! तुका जमला काय कदी असा?"

मी त्याला शिकवलेलं बसणं त्यांनी मला दाखवलं! आणि हे एकट्या सासूबाईंचं नव्हतं. राणीचं नाव विजयदुर्गापर्यंत झालं. विहिरीवर बायका म्हणायच्या, बायलमाणूस कसा असाचा ता तेका बगून शिकूक होया. हे ऐकवताना त्यांची नजर माझ्याकडे असायची, कारण माझा आवाज मोठा होता आणि चालण्यात घाई होती. मग एका खेळात राणी सवतीवर चिडली. पदराचा शेव कमरेला खोचला, डाव्या तळव्यावर उजव्या मुठीने दोनदा आपटलं, आणि मान तिरकी करून म्हणाली, "मी गप आसंय म्हणान तुका माजो आवाज म्हायत नाय!" बायका रडायला लागल्या. मी कपाळाला हात लावला. ते माझंच भांडण होतं. आदल्या महिन्यात वाणसामानाच्या दुकानदाराशी झालेलं, वाक्यासकट. माझ्या तोंडी त्या वाक्याला गावाने कजागपणा म्हटलं होतं. त्याच्या तोंडी ते पातिव्रत्य झालं.

यावर मी राणीला झापलं. तो म्हणाला, "वैनी, तुमच्यासारख्या चिडूक दुसऱ्या कोणाक येता?" ही स्तुती होती. ती मी ठेवून घेतली.

आता ओटीचं सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं.

आमच्या गावच्या जत्रेत खेळ संपला की उजाडायला लागतं. तेव्हा राणी सोंग न उतरवता देवळाच्या सभामंडपात पाटावर येऊन बसते आणि गावातल्या सवाष्णी तिची ओटी भरतात. हळदकुंकू, नारळ, खण, पाच मुठी तांदूळ. बाकी गावांत असं करतात की नाही मला माहीत नाही. आमच्याकडे ही रीत जुनी, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. राणी मान खाली घालून पदर पसरून बसते. मी तिच्या मागे खांबाशी उभी. कारण रात्रभर नाचून निऱ्या ढिल्या झालेल्या असत, आणि पाटावर बसता उठता लुगडं सुटू नये म्हणून मागून कासोट्याचं टोक माझ्या मुठीत असे. म्हणजे चार मुलांचा बाप पुढे बसून ओटी घेई, आणि त्याची लाज मागे माझ्या हातात असे. ओटीतले खण तो मलाच आणून देई. पुढच्या वर्षीच्या चोळ्यांसाठी.

सात-आठ वर्षं मी हे पाहिलं आणि काही बोलले नाही. माझ्यासारख्या बाईने सात-आठ वर्षं न बोलणं म्हणजे काय ते ज्याने मला ओळखलं त्यालाच कळेल. मग एका जत्रेला देवस्थानच्या मुख्य मानकऱ्यांची बायको ओटी भरायला पुढे आली. ताट हातात, मागे इतर बायकांची रांग. ती राणीसमोर वाकली, आणि मला पाहून थांबली.

"बाये, वायच मागे सर गो. ओटी भरतंय."

आवाज वाईट नव्हता. त्यात राग नव्हता, तुच्छताही नव्हती. उंबऱ्यावरच्या कोंबडीला बाजूला करताना असतो तेवढाच आवाज.

"सरतंय," मी म्हटलं, आणि मागे सरले. खांबाच्या मागे, मग सभामंडपाच्या पायरीवर, मग अंगणात, मग घरी.

टोक अर्थातच माझ्या मुठीतून सुटलं होतं. मी ते ओढलं नाही, कुणीही काही म्हणो. फक्त सोडलं. ओटी भरून झाली, राणी पदरात नारळ सांभाळत लाजत उठली, आणि लुगडं पाटावरच राहिलं. आत पट्ट्यापट्ट्याचा गुडघ्यापर्यंतचा लेंगा होता. सवाष्णींनी डोळे मिटले म्हणतात. सगळ्यांनी लेंग्याचे पट्टे मात्र बरोबर सांगितले, निळे आणि पांढरे.

तिसऱ्या दिवशी मालक केळ्यांचा फणा घेऊन आले. पडवीत बसले.

"राग गिळ गो बाये. लोकांनी माका लेंग्याचो मालक म्हणूक सुरवात केल्यानी."

"लेंगो मी शिवलेलो नाय."

"नेसवण्याचे पैसे दुप्पट देतंय. मगे तर झाला?"

"नाय."

"मगे तुका होया तरी काय?"

"माका ओटी होयी."

त्यांना ऐकू आलं नाही असं वाटून मी पुन्हा सांगितलं. "राणीची भरतत तशी. तेच जागी, तेच बायकांनी, तेच टायमाक."

मालक केळ्यांकडे बघत बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "अगो, तुजो घोव..."

"माजो घोव मेलो. राणीक तर घोवच नाय. बाईल आसा तेका."

"ता नाटक आसा गो!"

"मगे तांदूळ खरे कित्याक?"

मालक केळी ठेवून गेले. पुढच्या आठवड्यात ते शाल घेऊन आले. देवळात माझ्या दिरांच्या हाती देऊ म्हणाले, दीर मला घरी आणून देतील. मी विचारलं, माझ्या दिरांना सुईत दोरा ओवता येतो का? शालही परत गेली. मग त्यांनी दुसरी बाई शोधली, पण गावात माझ्या जागी उभं राहायला कुणी तयार होईना. हे माझ्यावरच्या प्रेमापोटी नव्हतं. राणी स्वतःच नेसून आसपासच्या गावांतल्या दोन जत्रांना गेली आणि पुन्हा भाताचा भारा झाली.

मग तो स्वतः एका दुपारी पडवीत येऊन उभा राहिला. मिशी वाढलेली, हातात पिशवी.

"वैनी, माजी ओटी तुमी घेवा. सगळी हाडलंय. नारळ पण."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही आलं असतं. पण मी म्हटलं, "पडवीत नको. देवळात होयी." चहा दिला आणि परत पाठवला.

आता लोक विचारतील की एवढं काय होतं त्या पाच मुठी तांदळांत. मलाही तेव्हा नीट सांगता आलं नसतं. एवढंच कळत होतं की बाईपण मी शिवते, नेसवते, शिकवते, त्याचे पैसे घेते, आणि माझं स्वतःचं मात्र बाविसाव्या वर्षी पत्राबरोबर परत गेलं. ते मला चारचौघांत परत हवं होतं. आडून, पिशवीतून नको होतं.

आमच्या गावच्या पुढच्या जत्रेआधी मानकऱ्यांनी देवळात बैठक बसवली. राणीशिवाय मंडळी नको, असं गावाने सांगितलं होतं. आणि माझ्याशिवाय राणी होत नव्हती. मला आत बोलावलं नाही. मी पायरीवर बसले. माझा आवाज आत जायला तेवढं अंतर पुरेसं होतं.

आमचे भटजी शिकलेले. बैठकीत ते पुस्तकी मराठीत बोलत. "शास्त्रात विधवेची ओटी बसत नाही," ते म्हणाले.

"शास्त्रात बापयमाणसाची ओटी खंय बसता ती वायच वाचून दाखवा," मी बाहेरून म्हटलं.

मग भटजी सावकाश म्हणाले, "ती व्यक्तीची ओटी नव्हे. वेषाची आहे. राणीचा वेष सवाष्ण आहे, आत कोण आहे याला महत्त्व नाही."

"बरा. आणि वेष शिवलो कोणी?"

"मशिनान!" मानकरी चटकन म्हणाले. माझं नाव यायला नको म्हणून त्यांनी ते म्हटलं होतं, पण भटजींना त्यात दार दिसलं. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, आवाज उजळलेला ऐकू आला.

"बरोबर! यंत्राला वैधव्य नाही. दसऱ्याला आपण त्याला हळदकुंकू वाहतोच. मशीनची ओटी भरायला शास्त्राची हरकत नाही."

कुणीतरी शंका काढली. आमच्याकडे तोवर सगळे 'ता मशीन' म्हणत. जे धड बाई नाही, धड बाप्या नाही, त्याची ओटी कशी भरायची? भटजींकडे उत्तर तयार होतं. "मराठीत ती मशीन असंही म्हणतात," ते म्हणाले. "आजपासून आपण ती मशीन म्हणू."

असं माझं मशीन वीसेक माणसांच्या संमतीने बाई झाली. मला एवढ्या सहज कुणी होऊ दिलं नव्हतं.

मी पायरीवर आदळआपट केली. हा माझा अपमान आहे म्हटलं, पाय आपटले, उठून चार पावलं चालले. ते मला परत बोलवायला आले तेव्हा मी अटी घातल्या. मशीन राणीच्या शेजारच्या पाटावर. ओटी त्याच बायका भरणार, पहिली मानकऱ्यांची बायको. आणि देवळातल्या गुरवाने राणीच्या ओटीची जशी हाळी घालायची, तशी हिचीही घालायची. त्यांनी सगळं कबूल केलं. एवढ्या स्वस्तात सुटलो म्हणून त्यांचे चेहरे फुलले होते. मी तोंड पाडून घरी आले, दार लावलं, आणि मशिनीवर पाच मुठी तांदूळ टाकून पाहिले. एक दाणा थांबला नाही. सगळे घरंगळत जमिनीवर.

जत्रेच्या दिवशी मशीन डोक्यावर घेऊन गेले. आधी राणी नेसवली; इतकी सुंदर मी तिला पूर्वी कधी नेसवली नव्हती. उजाडलं. राणीची ओटी झाली. मग गुरव ओरडला, "मशिनीची ओटी होऽऽ!" लोक हसले, मग भटजींनी डोळे वटारले म्हणून गप्प झाले. मानकऱ्यांची बायको पुढे आली. तिने मशिनीच्या काळ्या दांड्याला हळद लावली, कुंकू लावलं. मग ओंजळीत तांदूळ, नारळ, खण घेतला, आणि तशीच उभी राहिली. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"भटजीनू, घालू खंय? हिका पदर नाय."

भटजींनी मशीन सगळ्या बाजूंनी पाहिली. ओटी जमिनीवर टाकता येत नाही; ते शास्त्र मात्र पक्कं होतं. मागे रांग खोळंबली. मंडळीला दुसऱ्या गावी निघायचं होतं.

"कोणीतरी पदर धरा," भटजी शेवटी म्हणाले.

"मशीन कोणाची?" राणी बोलली. पाटावरून, मान खाली घालून, मी शिकवलेल्या आवाजात. "जेची मशीन, तेणी पदर धरूचो."

मी पुढे आले आणि मशिनीच्या पाटाला टेकून बसले. पदर धरला. मानकऱ्यांच्या बायकोला माझ्यासमोर वाकावं लागलं. नजर मशिनीवर ठेवून ती म्हणाली, "मशिनबाय, सुखी ऱ्हव." आणि तांदूळ माझ्या पदरात पडले.

पाच मुठी म्हणजे काही मोठं वजन नाही. पण मागून दुसरी आली, तिसरी आली, आणि पदर खाली खाली ओढत गेला. कपाळाला कुणी बोट लावलं नाही, ते मशिनीचं. माझ्या नावाने कुणी काही म्हटलं नाही. तरी मी मान वर केली नाही. डोळे दिसू नयेत म्हणून. लोकांना वाटलं, बाई नम्र झाली.

ते तांदूळ मी घरी नेऊन शिजवले. मशीन जेवत नसल्यामुळे मलाच जेवावे लागले.

असं पाच वर्षं चाललं. दर वर्षी मी माझ्या हुशारीवर खूश होऊन घरी यायची. इथवरचं मी पुष्कळांना सांगितलं आहे. पुढचं फारसं सांगत नाही.

काम वाढलं होतं. मंडळीचे पडदेसुद्धा मीच शिवू लागले होते, आणि हाताने चाक फिरवून खांदा भरून यायचा. पायाने चालवायची नवी मशीन घेतली. जुनी बाजारातल्या शिंप्याला विकली. शिंपी गरीब, हळू बोलणारा. त्याच्याशी घासाघीस करताना मी माझ्या अंगातलं सगळं कसब वापरलं. झाकणाचे वेगळे पैसे घेतले, दोऱ्याच्या रिळांचे वेगळे, सुयांच्या पुडीचे वेगळे. एवढंसं काही विसरले नाही. तो मशीन खांद्यावर घेऊन गेला तेव्हा मी दारात उभी राहून हिशेब मनात पुन्हा केला आणि मला माझं कौतुक वाटलं.

महिन्याभरात जत्रा आली. गुरव विडासुपारी घेऊन ओटीचं बोलावणं करायला निघाला, आणि माझ्या दारावरून पुढे गेला.

"खंय रे चललंस?" मी हाक मारली.

"शिंप्याकडे. मशीन थंय आसा न्हय?"

मी तशीच देवळात गेले. मानकरी चौकटीला टेकून पान खात होते. मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, "मान मशिनीचो. बैठकीत तसाच ठरला. तू पायरेर बसलेलंस, तुका म्हायत आसा."

"मगे माजी नवी मशीन आसा, तिका बसवा!"

त्यांनी भटजींकडे पाहिलं. भटजी नेहमीसारखे सावकाश म्हणाले, "तिच्यावर देवाच्या खेळाचे पडदे शिवले असतील. राणीचा वेष अजून शिवलेला नाही."

"कुमारीण आसा ती," मागून कुणीतरी म्हणालं. "तिची ओटी कशी भरतले?"

देवळात सगळे हसले. 'ती मशीन' मी मान्य केलं होतं ना. आता ती कुमारिकाही होऊ शकत होती.

त्या जत्रेला मी राणी नेसवली, टोक मुठीत धरलं, आणि खांबामागे उभी राहिले. शेजारच्या पाटावर माझी मशीन. तिच्याखाली शिंप्याच्या बायकोने पदर धरला होता. तिला तर नवरा होता, कुंकू होतं. तिची ओटी कुठेही भरता आली असती. मला तिचा एवढा राग आला की मी राणीचा कासोटा गरजेपेक्षा जोरात ओढला. राणीने हुंकार दिला.

दुसऱ्या दिवशी पैसे पदराला बांधून मी शिंप्याकडे गेले. मशीन परत हवी म्हटलं. शिंपी गळ्यात माप अडकवून बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि माझीच वाक्यं मला परत दिली.

"देतंय. दुपटीन. झाकणाचे येगळे. रिळांचे येगळे."

मी तोंड उघडलं तेवढ्यात आतून आवाज आला, "मशीन विकूची नाय." त्याची बायको बाहेर आली. मी तिला यापूर्वी कधी बोलताना ऐकलं नव्हतं. बटण लावत असलेला सदरा तसाच तिच्या हातात होता.

"गो, तुका मशीन कित्याक?" मी म्हटलं. "तुजो घोव जिवंत आसा. तुका खंयय ओटी भरतत."

"भरतत. शेवटाक." ती उभीच राहिली. "माका पोर नाय. खंय गेलंय तरी माका शेवटाक बसयतत, नायतर मागे सर म्हणतत. काल मी पयल्यांदा पयली बसलंय."

मागे सर म्हणतात, हे तिने ज्या आवाजात म्हटलं तो मला ओळखीचा होता. मी चिडूनच होते. पण भाव करायला तोंड उघडलं आणि कुठून सुरुवात करावी ते सुचेना. माझ्या धंद्यात असं कधी झालं नव्हतं.

शेवटी मी म्हटलं, "एक वर्ष तुजा, एक वर्ष माजा."

"बरा."

"ह्या वर्ष तू बसलंस. आता दोन वर्षां माजी."

"कित्याक दोन?"

"पयली मशीन माजी होती म्हणान!"

"आता माजी आसा!"

तासभर भांडलो. मी पदर खोचला, तिने सदरा टाकून दिला. ती गरीब दिसायची तेवढी नव्हती. प्रत्येक वाक्याला उत्तर होतं. अखेर एकआड एक ठरलं, आणि पुढचं वर्ष माझं. तेवढ्यात शिंपी म्हणाला की मशीन माझ्याकडे जाईल त्या दिवसाचं भाडं पडेल. आम्ही दोघी एकदम त्याच्याकडे वळलो.

"तू गप रव!"

भाडं मात्र त्याने पुढच्या वर्षी घेतलंच. माझ्याच मशिनीचं. मी त्यातले चार आणे कमी करून घेतले.

त्यानंतर बरीच वर्षं आम्ही आळीपाळीने बसलो. तिच्या वर्षी मी खांबामागे, माझ्या वर्षी ती बायकांच्या रांगेत, शेवटची. मानकऱ्यांची बायको दर वेळी वाकून मशिनीलाच आशीर्वाद द्यायची. गुरव हाळी घालायचा ती मशिनीच्या नावाने. माझ्या नावाने त्याने एकदाही घातली नाही, तिच्याही नाही. ते मी विसरलेले नाही.